लाइट गेली की आधी गादी

हवेच्या गादीचा पंप बंद पडला की गादी एकदम बसत नाही. आधी कडा सैल होतात, मग कमरेखालचे कप्पे, आणि हळूहळू माणूस पलंगाच्या लोखंडी पट्ट्यांवर येतो. अंगावर मांस असलेल्याला ते टोचतं, तो हाक मारतो. कॅन्सरने सुकलेल्या, मॉर्फीनच्या गुंगीत असलेल्या माणसाला कळतच नाही. कळलं तरी सांगायचं त्राण नसतं. सकाळी माकडहाडावर लाल चट्टा दिसतो, दोन-तीन दिवसांत कातडी फुटते, आणि मग राहिलेले आठवडे ती जखमच मुख्य आजार होऊन बसते. पश्चिम युक्रेनमधल्या इवानो-फ्रांकिव्स्कच्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या माणसांची शेवटपर्यंत काळजी घेतात त्या दवाखान्यात, मी सगळ्यात आधी शिकले ते हे. लाइट गेली की ऑक्सिजनच्या मशीनकडे सगळेच धावतात, गादीकडे कुणाला तरी नेमावं लागतं. मला नेमलं.

मी अंबाजोगाईची. आमच्या गावात स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण नीटमध्ये मार्क कमी पडले आणि घरून चालत जाता येईल असं कॉलेज सोडून २०१९ साली कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी शिकायला गेले. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे शहराच्या विमानतळावर रशियाची क्षेपणास्त्रं पडली तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होते. सिरेतच्या नाक्यावरून रोमानिया आणि तिथून ऑपरेशन गंगाच्या विमानाने घरी, हा प्रवास हजारो मुलांनी केला, तो पुन्हा सांगत नाही. पावसाळा संपता संपता मी परत गेले. रुग्णाला हात न लावता, नुसत्या ऑनलाइन वर्गांवर मिळालेली पदवी भारतात चालणार नव्हती आणि बाबांच्या डोक्यावर बँकेचं कर्ज होतं. ऑक्टोबरमध्ये दूतावासाने भारतीयांना पुन्हा देश सोडायला सांगितलं. मी राहिले. यात शौर्य शोधू नका. गावात आल्यावर एका सत्कारात मला ‘रणरागिणी’ म्हणाले, तेव्हा कुठे बघावं ते कळेना.

हॉस्पिसमध्ये मी गेले ते आमच्या एका प्राध्यापक बाईंमुळे. त्या तिथे वेदनाशमनासाठी जात आणि एके दिवशी वर्ग संपल्यावर म्हणाल्या, ‘माणसं नाहीत. ज्याला येता येईल त्याने या.’ माणसं नव्हती हे शब्दशः खरं होतं. लहान मुलं असलेल्या नर्सेस पोलंडला गेल्या होत्या, रुग्ण उचलणारे पुरुष सैन्यात. राहिल्या होत्या पन्नाशी-साठीच्या सिस्टर आणि मावशी. परदेशी विद्यार्थिनीला औषध द्यायचा अधिकार नाही, त्यामुळे माझा हुद्दा मावशींच्या हाताखालचा: कूस बदलणं, तोंड पुसणं, डायपर, चादरी, सूप भरवणं. शिक्षण इंग्रजीतून झालं असलं तरी ‘बोलित?’ म्हणजे दुखतंय का आणि ‘दे?’ म्हणजे कुठे, एवढ्यावर पहिला महिना निघाला. इन्चार्ज सिस्टर मला ‘दोन्यू’, म्हणजे लेकी, म्हणायच्या. त्या सगळ्यांनाच तसं म्हणत, मेलेल्या बाईची वेणी घालतानासुद्धा.

१० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने देशभरच्या वीजव्यवस्थेवर हल्ले सुरू केले. बुर्शतिनचं औष्णिक केंद्र आमच्या शहरापासून चाळीसएक किलोमीटरवर. त्याच्यावर पहिल्याच दिवसांत मारा झाला. मग वेळापत्रक आलं. शहराचे गट पाडलेले, चार तास लाइट, चार तास नाही, आणि जास्त नुकसान झालं की वेळापत्रकही रद्द. माझ्या युक्रेनियन मैत्रिणी हादरल्या होत्या. मला मात्र ते कागद बघून हसू आलं. मराठवाड्यात लहानपण गेलेल्याला भारनियमन कोण शिकवणार? दहावीपर्यंत बारा-बारा तास लाइट नसायची. फरक थंडीचा. आमच्याकडे लाइट गेली की उकडतं. तिथे बॉयलरचा पंप थांबतो, रेडिएटर गार पडतात आणि बाहेर उणे दहा असताना दोन-तीन तासांत खोलीतल्या माणसाच्या तोंडातून वाफ निघायला लागते. ज्याचं वजन पस्तीस किलोवर आलंय त्याच्या अंगात ऊब धरून ठेवायला काहीच नसतं. ओला डायपर दहा मिनिटं राहिला तरी तो माणूस थरथरायला लागतो.

ऑक्सिजनचं गणित त्या हिवाळ्यात नीट समजलं. मिनिटाला पाच लिटर देणारा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन, साधारण साडेतीनशे वॅट खातो. असे चार-पाच चालू, वर बॉयलरचा पंप, औषधांचा फ्रिज आणि स्वयंपाकघरातली एक शेगडी, एवढ्यात आमचा जनरेटर धापा टाकायचा. सिलिंडर हा दुसरा मार्ग. चाळीस लिटरच्या सिलिंडरमध्ये दीडशे वातावरण दाबाला सहा हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटर दिला तर पन्नास तास पुरतो, पाच दिला तर वीस. मग प्रश्न आला की ऑक्सिजन खरंच कुणाला हवाय. प्राध्यापक बाईंनी प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून यादी केली. नळी लावलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण चांगलं होतं, तरीही त्यांना दम लागत होता. अशा दम लागण्यावर ऑक्सिजनचा फारसा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो मॉर्फीनच्या लहानशा मात्रेचा, उशाशी तीन उशा देऊन बसवण्याचा आणि चेहऱ्यावर येणाऱ्या वाऱ्याचा. हे पुस्तकात होतं, पण लाइट असेपर्यंत कुणी पडताळून बघत नव्हतं. नातेवाइकांना पटवणं अवघड गेलं. मशीनचा घुरघुर आवाज थांबला म्हणजे आता सोडून दिलं, अशी त्यांची समजूत. एका मुलीला दोन-चार दिवस समजावलं. तिने शेवटी वडिलांसाठी बॅटरीवरचा छोटा हातपंखा आणला आणि मग तोच पंखा घेऊन ती दुसऱ्यांच्या खाटांपाशीही बसायला लागली. थंडीत, अंगावर कोट घालून, माणसाच्या तोंडावर पंखा धरायचा. बाहेरून आलेल्याला आम्ही वेडे वाटलो असणार.

२३ नोव्हेंबरला देशातली सगळी अणुवीजकेंद्रं वीजजाळ्यातून सुटली आणि अंधार नेहमीचा राहिला नाही. त्या रात्री पाणीही गेलं. आमच्या इमारतीचा एक भाग जुना, विटांचा. तिथल्या मोठ्या खोलीत चिनी मातीच्या फरशा लावलेली लाकडाची भट्टी होती, कित्येक वर्षं न पेटवलेली. धुराड्यातलं पक्ष्याचं घरटं काढून ती पेटवली आणि सगळ्या खाटा त्या एका खोलीत आणायच्या ठरलं.

विरोध केला एकाच बाईंनी. लिसिचान्स्कच्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचं शहर जुलैमध्येच रशियाच्या ताब्यात गेलं होतं. घर, शाळा, नवऱ्याची कबर, सगळं तिकडे. स्वादुपिंडाचा कॅन्सर. त्या म्हणाल्या, ‘माझ्याकडे आता ही एक खोली आहे. ती पण घेता?’ इन्चार्ज सिस्टरनी वाद घातला नाही. भट्टीच्या जवळचा कोपरा त्यांना दिला, दोन बाजूंनी पडदे लावले आणि पडद्याला जुन्या दाराचा खोलीक्रमांक टाचणीने लावला. बाई आल्या. दोन दिवसांत त्यांनी आमचं कूस बदलायचं वेळापत्रक मागवलं, लाल पेनने खोडलं आणि नवीन करून दिलं: इतक्या खाटा, रात्रपाळीला दोनच माणसं, लाइटचे चार-चार तास, तर हवेच्या गाद्यांवरच्या लोकांना लाइट जायच्या आधी कुशीवर घ्यायचं, फोमच्या गाद्यांवरच्यांना नंतर, म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलायचा नियम कुणाच्याच बाबतीत मोडत नाही. आमच्या डोक्यात हे आलं नव्हतं. तो कागद तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत भिंतीवर होता. बाई जानेवारीत गेल्या. शेवटच्या दिवसांत त्या फक्त रशियन बोलत, आणि युक्रेनियनच बोलायचं असा बाणा असलेल्या मावशी त्यांच्याशी बिनबोभाट रशियनमध्ये बोलत.

त्याच सुमारास फेन्टॅनिलच्या पट्ट्यांची भीती कळली. ही पट्टी कातडीवर चिकटवतात, औषध तीन दिवस झिरपत राहतं. गिळता न येणाऱ्यांसाठी फार सोयीची. पण उष्णता लागली की औषध भराभर आत जातं, म्हणून पट्टीपाशी गरम पाण्याची पिशवी, विजेची चादर, काही चालत नाही. आणि आमच्याकडे तर सगळेच गारठलेले. घरचे लोक प्रेमाने दीड लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून पांघरुणात सरकवत. पट्टी दंडावर आणि बाटली बगलेत, म्हणजे तासा-दोन तासांत माणूस हाकेला ओ देईनासा होतो, श्वास मिनिटाला आठवर येतो. उलट अगदी हडकुळ्या आणि गार पडलेल्या अंगावर तीच पट्टी नीट काम करत नाही आणि दुखणं उसळतं. सिस्टरनी नियम केला: प्रत्येक फेरीला पांघरूण उचलून बाटली कुठे आहे ते बघायचं, ती फक्त पायाशी आणि मोज्यात गुंडाळून, आणि श्वास घड्याळ लावून मोजायचे. बधिर पायांना भाजतं, म्हणून पाणी आपल्या मनगटाला सोसेल एवढंच गरम. कुणीतरी मदत म्हणून पत्र्याच्या डब्यातल्या पुठ्ठा-मेणाच्या मेणबत्त्या खोकंभर आणून दिल्या होत्या, खंदकात वापरतात त्या. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ज्योत कशी पेटवणार? आम्ही त्या आघाडीवर पाठवल्या आणि कपाळाला दिवे बांधून काम केलं. रात्री दोनला लाइट आली की आधी कपडे धुवायचं मशीन लावायचं, मग फोन चार्जिंगला.

भोंग्यांबद्दल लोक पहिलं विचारतात, म्हणून सांगते. पश्चिम युक्रेनमध्ये आघाडीसारखी तोफांची सरबत्ती नव्हती. पण रशियात मिग-३१, म्हणजे देशात कुठेही पोचणारं क्षेपणास्त्र वाहणारं विमान, उडालं की अख्ख्या देशात त्रिवोहा, म्हणजे धोक्याचा इशारा. अंथरुणाला खिळलेल्यांना तळघरात न्यायचं नाही असं हॉस्पिसने सुरुवातीलाच ठरवलं होतं. एका रुग्णाला चादरीत घालून जिना उतरायला चार माणसं लागतात, हाडांत कॅन्सर पसरलेला असला तर उतरवतानाच हाड मोडू शकतं, आणि तळघर गार. त्याऐवजी खाटा खिडक्यांपासून दूर, शक्यतो बाहेरच्या बाजूने दोन भिंती मध्ये येतील अशा. काचांना पारदर्शक चिकटपट्टी. कर्मचाऱ्यांनी मात्र खाली जायचं, पाळीपाळीने दोघांनी वर थांबायचं, आणि कुणाची पाळी हे भिंतीवर लिहिलेलं. हे लिहून ठेवणं मला फार शहाणपणाचं वाटलं. नाहीतर लाजेपोटी सगळेच वर थांबतात, आणि ज्याला घरी लहान मूल आहे तोही.

सगळ्यात अवघड कागद होता रजेचा. घरातलं माणूस गंभीर असेल तर सैनिकाला दहा दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, त्यासाठी रुग्णालयाचं पत्र लागतं. मिळाली तर एकदा. पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही. म्हणजे पत्र कधी लिहायचं? लवकर लिहिलं तर मुलगा येतो, आई बसून बोलते, मुलगा परत जातो आणि ती नंतर महिनाभर झिजत जाते. उशिरा लिहिलं तर तो गाडीत असतानाच सगळं संपतं. किती दिवस उरलेत हे सांगण्यात अनुभवी डॉक्टरही चुकतात, आणि बहुतेक वेळा जास्तच दिवस सांगतात. प्राध्यापक बाई म्हणायच्या, शंका असली तर लवकर लिहा. जिवंत, बोलणारी आई भेटणं हे मरणाच्या वेळी हजर असण्यापेक्षा मोठं. मला ते पटलेलं आहे. आपल्याकडे ‘शेवटच्या क्षणी तोंडात पाणी घालायला कोण होतं’ याला फार महत्त्व, आणि मीही तेच घेऊन गेले होते.

कोलोमियाजवळच्या खेड्यातल्या एक आजी होत्या, त्यांचा मुलगा आघाडीवर, बाखमूतच्या बाजूला. पत्र लवकर गेलं, मुलगा आला. दाढी वाढलेली, बुटांवर वाळलेला चिखल. आईच्या खाटेशेजारी खुर्चीत बसला, तिचा हात हातात घेतला आणि तसाच झोपला. भट्टीची ऊब होती आणि तो कित्येक दिवसांत नीट झोपला नसावा. संध्याकाळ झाली, रात्र झाली. आजींना कुशीवर घ्यायची वेळ आली. मी त्याला हळूच हलवायला गेले तर आजींनी मान हलवली आणि बोट ओठांवर ठेवलं. मी आणि एक मावशी, आम्ही दोघींनी त्यांना दुसऱ्या कुशीवर घेतलं ते अशा बेताने की त्याच्या हातातला हात सुटू नये; तसं करताना माझी पाठ भरून आली. त्या रात्री आजींनी दुखण्यावरचा जादा डोस मागितला नाही. त्यांना जागं राहून त्याला बघायचं होतं. सकाळी तो उठला आणि ओशाळून म्हणाला, मी काहीच बोललो नाही. आजी म्हणाल्या, ‘तू घोरत होतास, तुझ्या बापासारखा.’ रजा संपल्यावर तो गेला. आजी त्यानंतर दोनेक आठवडे होत्या. त्याला बातमी कळवायला वेळ लागला, कारण आमच्याकडे लाइट नव्हती, आणि लाइट बराच वेळ नसली की मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही संपतात.

एकदा मदत देणाऱ्या एका संस्थेचे गृहस्थ आले होते. जनरेटरचं डिझेल संपत आलेलं, थंडीत न गोठणारं हिवाळी डिझेल महाग आणि दुर्मीळ. त्यांनी वॉर्ड बघितला आणि सभ्यपणे विचारलं, की आघाडीवरच्या जखमींच्या रुग्णालयांनाही डिझेल पुरत नाही, तर जे काही आठवड्यांत जाणारच आहेत त्यांच्यासाठी किती ठेवायचं? मला वाटलं आता इन्चार्ज सिस्टर माणुसकीवर बोलतील. त्यांनी त्यांना तळघरात नेलं आणि पाइप दाखवले. ‘पंप थांबला तर हे पाणी गोठेल. गोठलं तर पाइप फुटतील. फुटले तर वसंतात इमारत राहणार नाही, आणि मग तुम्हाला या लोकांना त्याच जखमींच्या रुग्णालयांत खाटा द्याव्या लागतील.’ डिझेल मिळालं. त्या दिवशी मला जरा राग आला होता, मुख्य उत्तर त्यांनी दिलंच नाही असं वाटलं. नंतर बरेच दिवस विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की मुख्य उत्तर ज्याला मुळात माहीत आहे तो असा प्रश्न विचारत नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याला वॉर्डात पाच मिनिटं उभं राहून ते कळत नाही. त्याला पाइप दाखवावेत.

फिरतं पथकही होतं. घरी असलेल्या रुग्णांकडे जायचं. नऊ मजली इमारती, लाइट नाही म्हणून लिफ्ट बंद. काही लिफ्टमध्ये रहिवाशांनी खोकी ठेवलेली: पाण्याची बाटली, बिस्किटं, टॉर्च, एक स्टूल, अडकलेल्यासाठी. आम्ही जिन्यानेच चढायचो, सिस्टरच्या पिशवीत मॉर्फीन, मळमळीवर हॅलोपेरिडॉल, घशातल्या घरघरीवरचं औषध, डायझेपाम. मॉर्फीनची गोळी मला त्या हिवाळ्यात फार मोठी वस्तू वाटायला लागली. तिला प्लग लागत नाही, नर्स लागत नाही. आणि ती युक्रेनमध्ये आली अलीकडे, २०१३ मध्ये. त्याआधी इंजेक्शनच मिळायचं, नर्सने घरी येऊन टोचायचं. दर चार तासांनी कोण येणार? म्हणून लोक दिवसातून एखाद-दोन इंजेक्शनांवर तळमळत. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी त्यावर आवाज उठवला, मग नियम बदलले, गोळ्या आल्या आणि पंधरा दिवसांचं औषध घरी न्यायची परवानगी मिळाली. हे २०१३ मध्ये झालं नसतं तर २०२२ च्या अंधारात त्या नवव्या मजल्यांवर काय झालं असतं, याचा विचार मी जिने चढताना करत असे.

अशाच एका फेरीत आमची गाडी थांबली. समोरून सैनिकाची अंत्ययात्रा येत होती. तिकडे अशा वेळी रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक गुडघ्यावर बसतात. आम्हीही उतरून बर्फात बसलो. मग ज्यांच्याकडे निघालो होतो तिथे पोचलो. बाई एक्क्याऐंशी वर्षांच्या, तासाभरापूर्वीच गेलेल्या. त्यांची लेक कोरड्या चेहऱ्याने कागदपत्रं काढत होती. सिस्टरनी तिला जवळ घेतलं तेव्हा ती म्हणाली, ‘खालच्या मजल्यावर तेवीस वर्षांचा गेला. मी कोणत्या तोंडाने रडू?’ हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत पुष्कळांकडून ऐकलं. म्हातारपणाने, कॅन्सरने, अंथरुणात मेलेल्या माणसाचं दुःख रांगेत मागे उभं राहतं. युद्ध माणसाला मरण्याचा हक्क देतं पण साधं मरण्याचा देत नाही, असं मी डायरीत लिहिलं होतं. आता वाचताना ते जरा नाटकी वाटतं. सिस्टरनी जे केलं ते चांगलं होतं: त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि लेकीला आईबद्दल विचारायला सुरुवात केली. ती स्वयंपाक काय करायची, कुठे नोकरी करायची. अर्ध्या तासाने लेक रडली.

दुसरा हिवाळा आमच्याकडे त्या मानाने सोपा गेला. त्या वर्षी देशाने नाताळ ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणला होता. नाताळच्या आदल्या संध्याकाळी कुत्या करतात: शिजवलेले गहू, खसखस, मध, अक्रोड, आपल्या गव्हाच्या खिरीची गार बहीण. बऱ्याच रुग्णांना गिळता येत नव्हतं. मावशींनी त्यातला मध आणि खसखशीचं दूध गाळून घेतलं आणि तोंड पुसायच्या स्पंजने एकेकाच्या जिभेला लावलं. एका आजोबांनी स्पंज दातांत धरून ठेवला, सोडेचनात. सगळे हसलो, तेही.

तिसऱ्या हिवाळ्यात सामान भरपूर होतं. लिथियमच्या मोठ्या बॅटऱ्या आल्या होत्या, छतावर सौर पॅनेल, फोमच्या चांगल्या गाद्या, घशातला कफ ओढून काढायचा, पायाने चालवायचा सक्शन पंप. १३ डिसेंबर २०२४ ला आमच्या प्रांतावर तोवरचा सगळ्यात मोठा हल्ला झाला आणि २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, पुन्हा देशभरच्या वीजकेंद्रांवर. दोन्ही वेळा वॉर्डातली मशीनं थांबली नाहीत. पण माणसं संपत आली होती. पहिल्या हिवाळ्यात एकमेकींना गाणी म्हणून जागं ठेवणाऱ्या मावशी आता पाळी संपली की न बोलता कोट चढवायच्या. एका सिस्टरचा नवरा गेला होता, एकीचा मुलगा बेपत्ता होता. ‘बेपत्ता’वाल्या सिस्टर रात्रपाळीच मागून घ्यायच्या. मदत देणारे वस्तूंची यादी मागत. माझ्या मते त्यांनी एकेका सिस्टरला महिनाभर सुट्टी मिळेल अशी बदली माणसं द्यायला हवी होती. ती यादीत लिहायला रकाना नसतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात मी पदवी घेऊन घरी आले. सध्या परदेशी पदवीधरांच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे, म्हणजे अजून मी डॉक्टर नाही. हे गल्लीतल्या लोकांना सांगून पटत नाही. आमच्या मागच्या आळीतल्या काकांना गालाचा कॅन्सर आहे, तंबाखूचा. मुंबईला टाटाला जाऊन आले, आता उपचार नाहीत, घरी आहेत. काकू बोलवायला आल्या म्हणून गेले. काका भिंतीकडे तोंड करून, कण्हत. उशाशी औषधांची पिशवी होती, त्यात टाटाच्या पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदनाशमनाच्या, विभागाने दिलेल्या मॉर्फीनच्या गोळ्या, कागदावर ‘दर चार तासांनी’ असं स्पष्ट लिहिलेलं. पाकीट उघडलेलंच नव्हतं.

‘काकू, या का नाही दिल्या?’

‘अगं, ते शेवटचं औषध ना. एकदा सुरू केलं की संपलं, असं भाऊजी म्हणाले. आणि सवय लागते म्हणे.’

मी म्हटलं, लिहिलेल्या मात्रेत दिलं तर त्याने माणूस लवकर जात नाही, आणि ज्यांना दुखतंय म्हणून देतोय त्यांच्या सवयीची काळजी आता करू नका. टाटाच्या कागदावरचा नंबर लावून दिला, तिकडच्या सिस्टरशी त्यांचं बोलणं करून दिलं, पहिली गोळी मनुक्याएवढ्या साखरभातात घालून दिली. घड्याळाचा गजर लावला. मग मला आठवलं आणि पिशवी पुन्हा उपसली: मॉर्फीन सुरू केलं की पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध बरोबर हवंच, नाहीतर चौथ्या दिवशी माणूस दुखण्यापेक्षा कोठ्याने हैराण होतो आणि घरचे मॉर्फीनच बंद करतात. औषध होतं, पिशवीच्या तळाला.

‘हे रोज, न चुकता. रात्री दोन चमचे.’

‘हे मात्र मला आधीच कळायला पाहिजे होतं,’ काकू म्हणाल्या. ‘त्यांची निम्मी चिडचिड त्याचीच आहे, लग्नापासून.’